अंडी किती टाकू?

हजेरी झाली की गुंजीकर मास्तर वर्गातूनच हाक देतात: आठ!
मी आठ अंडी पाण्यात सोडते.
तांदूळ हाताच्या अंदाजानं, डाळ डब्याच्या झाकणानं,
अंडी मात्र मोजून. त्यांची वेगळी वही आहे,
तिच्यात मास्तरांची सही, माझी सही,
आणि शाळा समितीच्या अध्यक्षांचा अंगठा.
तेही ह्याच शाळेत शिकले म्हणतात.

त्रेचाळीस पोरांचं मोठं पातेलं
कोपऱ्यात पालथं पडलंय.
उन्हाळ्यात त्याच्याआड कोंबडी बसवली होती.

फणसाळीत पोरं नाहीत असं नाही.
मोरीजवळ साडेसातला पिवळी गाडी येते,
एकोणीस पोरं भरून खानापूरला जाते.
त्यातला एक माझा.
ज्या बोटांनी त्याच्या टायची गाठ ओढते
त्याच बोटांनी नंतर इथला गॅस पेटवते.
ह्या शाळेच्या चुलीवर त्या शाळेची फी शिजते.
मास्तरांना ठाऊक आहे. कधी बोलले नाहीत.

एप्रिलात ते दारोदार फिरले, उन्हाची छत्री घेऊन.
परशा मिराशी म्हणाला, "मराठी शिकून काय करतंय ओ ते?
हिकडं कन्नड पायजे, पुण्याकडं इंग्लिश पायजे,
आणि तिकडं गेलं की म्हणतात, तुम्ही कर्नाटकातले."
मास्तरांनी पाणी मागितलं, प्यायले, निघाले.
माझं घर वाटेतच.
दारापुढनं जाताना त्यांनी छत्री जरा खाली घेतली.

गणपती झाल्यावर हिरेमठ सर तपासणीला आले.
चौथीतल्या सुगंधा मादारनं फळ्यावर भागाकार केला,
बाकी उरली,
ती का उरली तेही कन्नडात सांगितलं, अडखळत, पण सांगितलं.
सरांनी लिहिलं: निकाल शंभर टक्के.
मग तोच कागद उलटा करून विचारलं, "एष्टु मंदी?"
"आठ."
"दहा तरी पाहिजेत, मास्तर. नाहीतर
मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत विलीन."
मी दुधाची पावडर ढवळत होते.
विलीन, विलीन. गुठळ्या काही मोडेनात.
मोठा रस्ता म्हणजे ओढ्यापलीकडं,
मधे अस्वलांचं रान.

दिवाळीनंतर वीटभट्टी लागली.
भट्टीवरची भीमव्वा, रायचूरकडची,
घरची थाळी घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली.
मास्तरांनी आधी जेवू दिलं, मग नाव विचारलं.
मराठी तिला येत नव्हतं.
त्यांनी पाटीवर दोन काढला, तीन काढला,
ते आकडे दोन्हीकडं जवळजवळ सारखेच.
ती हसली.
दुसऱ्या दिवशी हाक आली: नऊ!

परवा रविवारी पोरगा माझ्याबरोबर आला,
मी भांडी घासत होते.
दारावरची पाटी बघून म्हणाला, "आई, काय लिहिलंय हे?"
इंग्रजीत सगळे प्राणी येतात त्याला, जिराफसुद्धा.
माझे हात राखेत.
भीमव्वा कुठनंशी धावत आली, उड्या मारत
बोटानं एकेक अक्षर दाखवू लागली:
स... र... का... री... म... रा... ठी...
"कनिष्ठ"वर अडली, "प्राथमिक" तर बघितलंच नाही,
उडी मारून थेट "शाळा"!
पोरगा पाटीकडं नाही,
विटांच्या धुळीनं लाल झालेल्या तिच्या बोटाकडं बघत होता.

आज नऊ अंडी सोडली.
मास्तर वही घेऊन दाराशी आले.
मला वाटलं, आता विचारतील.
ते म्हणाले, "चहा उतू जातोय."
मी गॅस बारीक केला.
दहावं अंडं हातातच होतं, गार.